फुलांचा पोत कोणासाठी?

साडीच्या दुकानात गेलेली बाई आधी रंग पाहते, मग काठ पाहते आणि किंमत विचारण्यापूर्वी पदराचे टोक अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळून बघते. दुकानदार कितीही गोड बोलो, शेवटचा निकाल ती दोन बोटेच देतात. या परीक्षेसाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : पोत. कापडाला पोत असतो, मातीला पोत असतो, गायकाच्या आवाजालाही पोत असतो असे जाणकार सांगतात. फुलाच्या बाबतीत मात्र हा शब्द सहसा आपल्या तोंडी येत नाही. फुलाचा रंग, फुलाचा वास, फुलाचा आकार. वर्णन इथे संपते. फार तर ‘नाजूक’ असे एक विशेषण चिकटवून आपण मोकळे होतो.

हे वर्णन अपुरे आहेच, पण त्या अपुरेपणातून एक गैरसमजही पोसला गेला आहे. तो असा की, फुलाचे सौंदर्य ही केवळ पाहण्याची गोष्ट आहे आणि जणू आपण पाहावी म्हणूनच ती निर्माण झाली आहे. पाकळीच्या पृष्ठभागाकडे जरा जवळून पाहिले की हा समज टिकत नाही. जो मऊपणा आपण पाकळी गालाला लावून अनुभवतो, तो खरे तर अतिशय बारीक आणि अतिशय नियमित असा खडबडीतपणा असतो. आणि तो पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी पायांच्या सोयीचा असतो.

आपल्याकडे तपकिरी-तांबड्या रंगाच्या लहान झेंडूला ‘मखमल’ म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक नसेल, पण नजर होती. मखमलीच्या कापडात विणीच्या वर तंतूंचे एक दाट रान उभे असते. उजेड त्या रानात शिरतो, तंतूंमध्ये घुटमळतो आणि रंग पिऊन परततो. म्हणून मखमलीचा लाल रंग साटीनच्या लाल रंगापेक्षा खोल वाटतो. साटीनमध्ये धागे आडवे निजलेले असतात. तिथे उजेड वरच्या वर परततो आणि चकाकी दिसते. पाकळीची किमया हीच आहे. फक्त धाग्यांच्या जागी पेशी आहेत.

पाकळीची सर्वांत बाहेरची कातडी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अपित्वचा, बहुधा पेशींच्या एकाच थराची असते. एका मिलिमीटरचे चाळीस भाग केले तर त्यातला एक भाग, साधारण एवढी एकेका पेशीची रुंदी. पानावर या पेशी बहुतेक वेळा फरशीसारख्या सपाट बसवलेल्या असतात. पाकळीवर मात्र प्रत्येक पेशी मधोमध फुगून वर येते. कुठे ती घुमटासारखी असते, कुठे शंकूसारखी, तर कुठे इतकी लांब की तिला केसच म्हणावे. तिच्यावर मेणचट आवरण असते आणि त्या आवरणालाही कित्येकदा बारीक चुण्या असतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे दोनशे जातींची फुले तपासली गेली. दर दहापैकी जवळजवळ आठ जातींच्या पाकळ्यांवर असे उंचवटे आढळले. म्हणजे ही काही एखाद्या दुर्मिळ फुलाची लहर नव्हे. फुलांच्या राज्यातली ही रूढ पद्धत आहे.

शंकूच्या आकाराची पेशी भिंगासारखे काम करते. तिच्यावर पडलेला उजेड एकवटून पेशीच्या पोटातील रंगीत रसात जातो, त्यामुळे रंग गडद होतो. सपाट पेशीवरून त्यातला बराचसा उजेड तसाच परततो. रंगद्रव्य तेवढेच असले तरी एक फूल भरदार दिसते आणि दुसरे फिकट. पांढऱ्या फुलांची गंमत तर आणखी निराळी. पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग असा नसतोच. आतल्या पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते आणि त्या हवेत उजेड विखुरला जाऊन पाकळी पांढरी दिसते. खात्री हवी असेल तर गळून पडलेली एखादी पांढरी पाकळी चिमटीत घट्ट दाबून पाहा. हवा निघून जाते आणि तेवढा भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक होतो. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही, देव्हाऱ्यातले निर्माल्य पुरते.

आता ऑर्किडकडे वळू. मराठीत त्याला आमरी असे सुंदर नाव आहे, पण ते फारसे रुळले नाही. जगात ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत, आणि पोताचे जितके नमुने या एका कुळात सापडतात तितके एखाद्या पेठेतल्या कापडाच्या दुकानातही मिळणार नाहीत. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी मेणाच्या फुलांनी ओवल्यासारखी दिसते. दादरच्या फूलबाजारात जांभळ्या डेंड्रोबियमच्या काड्या येतात. त्यातला बराच माल थायलंडचा. त्यांची पाकळी उन्हात तिरपी धरून भिंगातून पाहिली तर साखरेचे कण चमकावेत तशी लकाकते. हजारो पेशी-घुमटांपैकी प्रत्येकाच्या माथ्यावर उजेडाचा एकेक ठिपका असतो, त्याची ती लकाकी. काही जातींचा ओठ गडद किरमिजी आणि इतका मखमली, की फुलवाले त्याला खुशाल काळा म्हणतात. ऑर्किडच्या प्रदर्शनांत परीक्षक रंग आणि आकार यांच्या जोडीने पाकळीचा घट्टपणा आणि पोत हेही पाहतात. तेव्हा निदान हौशी मंडळींच्या जगात तरी या गुणाची कदर आहे.

पण ऑर्किडला या पोताची एवढी गरज का पडावी? उत्तर त्याच्या व्यवहारात आहे. बहुतेक फुलांचे पराग पिठासारखे सुटे असतात. कोणीही यावे, अंगाला माखून न्यावे. बहुसंख्य ऑर्किडांचे पराग मात्र छोट्या गोळ्यांत घट्ट बांधलेले असतात. सगळी पुंजी एक-दोन गाठोड्यांत. ते गाठोडे कीटकाच्या डोक्याला किंवा पाठीला नेमक्या जागी चिकटले पाहिजे, आणि पुढच्या फुलात नेमक्या जागीच उतरले पाहिजे. जागा केसभर चुकली की व्यवहार बुडाला. म्हणून आलेल्या पाहुण्याला कुठे उभे करायचे आणि कोणत्या बाजूला तोंड करून उभे करायचे, हे फुलाला ठरवावे लागते. त्यासाठी एक पाकळी ‘ओठ’ म्हणून वेगळी घडलेली असते. पुष्कळ जातींत कळी उमलताना देठाशी अर्धा वळसा घेते आणि तो ओठ खालच्या बाजूला, एखाद्या ओट्यासारखा आणून ठेवते. ओट्याची फरशी कशी असावी याला मग महत्त्व येणारच.

या फरशीचे महत्त्व प्रयोगांनी सिद्ध झाले, ते मात्र आधी दुसऱ्याच एका फुलावर. आपल्याकडे हिवाळ्यात बागांमध्ये स्नॅपड्रॅगन लावतात. १९९४ साली इंग्लंडमध्ये नॉरिच येथील जॉन इनेस संस्थेत कॅथी मार्टिन, बेव्हर्ली ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फुलातील ‘मिक्स्टा’ नावाच्या जनुकाचे काम उलगडून दाखवले. हे जनुक बिघडले की पाकळीवरच्या पेशी शंकूच्या आकाराच्या होत नाहीत, सपाट राहतात. रंगद्रव्य तेच असूनही फूल फिकट आणि निस्तेज दिसते. मखमलीचे जणू साधे सुती कापड होते. तेव्हा असे वाटले की, कोडे सुटले : मधमाश्यांना लांबून ठळक दिसावे म्हणून हे शंकू.

पुढे २००९ मध्ये हेदर व्हिटनी, ग्लोव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी निराळा प्रश्न विचारला. त्यांनी पाकळ्यांचे राळेत ठसे घेतले. त्या ठशांना ना वास होता ना रस. फरक होता तो फक्त पोताचा. गुबगुबीत बंबलबी भुंग्यांना केवळ स्पर्शावरून शंकूंचा पृष्ठभाग कोणता आणि सपाट कोणता हे ओळखता आले. खऱ्या फुलांवर घेतलेली चाचणी त्याहून बोलकी होती. फूल आडवे, सहज बसता येईल असे ठेवले तर भुंगे फारशी आवडनिवड दाखवत नसत. तेच फूल उभे, चढाचे केले की ते शंकू असलेल्या फुलांकडे वळत. वेगवान चित्रीकरणात कारणही दिसले. सपाट पाकळीवर भुंग्याचे पाय घसरत होते, तोल सावरण्यासाठी पंख फडफडवावे लागत होते. शंकूंच्या मधल्या खोबणीत नखे रुतली की तो पंख मिटून निवांत बसे. तीन वर्षांनी याच गटाने फुले हलवून पाहिली, वाऱ्यावर हलतात तशी. तेव्हाही पाय टेकायला आधार देणारी फुलेच भुंग्यांनी अधिक पसंत केली.

ऑर्किडमध्येही पेशींना आकार देणाऱ्या जनुकांचे असेच घराणे आहे. २०१५ मध्ये मलेशियातील संशोधकांनी डेंड्रोबियमच्या एका संकरित जातीच्या कळ्यांवर अशा एका जनुकाचा आवाज बंद करणारे द्रव्य चोळले. कळ्या उमलल्या तेव्हा ओठावरच्या पेशी शंकूच्या आकाराच्या न होता चपट्या झाल्या होत्या. कळीच्या वेळी एक सूचना चुकली, आणि फुलाच्या ओट्याची फरशी बदलली.

माझी हयात बँकेत गेली. नोटांची पुडकी मोजणारा मुरलेला कॅशिअर खोटी नोट ओळखतो ती पुष्कळदा डोळ्यांच्या आधी बोटांनी. नोटेवरची उठावदार छपाई बोटाला बोलते. आजच्या पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच तिरक्या उठावाच्या रेघा आहेत, त्या अंध माणसाला बोटांनी वाचता याव्यात म्हणून. मधमाशी फूल वाचते ते काहीसे असेच. मधमाश्यांना पाकळ्यांच्या पोतातला बारीक फरक मिशांच्या स्पर्शाने कळतो, हे १९८५ मध्ये दाखवले गेले होते. पाकळीचा पोत ही एक लिपी आहे. आपण ती फक्त नक्षी समजून पाहत आलो.

या लिपीत खोटा मजकूरही लिहिता येतो, आणि त्यात ऑर्किडचा हात कोणी धरणार नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत ओफ्रिस नावाचे जमिनीवर उगवणारे ऑर्किड आहेत. त्यातल्या ‘आरसा ऑर्किड’ या जातीच्या ओठाला कडेने दाट तांबूस केस असतात आणि मधोमध चकचकीत निळा आरसा. अल्जीरियात न्यायाधीश असलेले पुयान नावाचे फ्रेंच गृहस्थ वर्षानुवर्षे या फुलापाशी बसून राहिले. त्यांना दिसले की, एका जातीच्या गांधीलमाशीचे नरच तेवढे त्यावर येतात, मध नसतानाही येतात, आणि फुलाला मादी समजून बिलगतात. त्या खटपटीत परागाचे गाठोडे त्यांच्या डोक्याला चिकटते. १९१६ साली हेन्री कोरव्हाँ यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केले. लांबून नराला बोलावण्याचे काम वास करतो, हे पुढे स्पष्ट झाले. पण जवळ आल्यावर कसे बसायचे, डोके कुठे ठेवायचे, हे त्याला केसांची घडण सांगते. १९८४ साली ओफ्रिसच्या तीन जातींचे ओठ आणि त्यांच्यावर येणाऱ्या कीटकांच्या माद्यांचे अंग शेजारी ठेवून तपासले गेले, तेव्हा केसांच्या ठेवणीत लक्षणीय साम्य आढळले. आणि तो आरसा? २०१२ च्या एका अभ्यासात दिसले की, तिथल्या पेशी मुद्दाम केल्यासारख्या सपाट आणि गुळगुळीत आहेत. एकाच पाकळीवर, काही मिलिमीटरच्या अंतरात, मखमलही आहे आणि काचही.

उलट गरज असेल तर फूल निसरडेही होते. ‘लेडीज स्लिपर’ या ऑर्किडांचा ओठ बुटाच्या चवड्यासारखा पोकळ असतो. काठावर बसलेला कीटक घसरून आत पडतो. आतल्या भिंती निसरड्या, आल्या वाटेने परत जाणे कठीण. फक्त मागच्या भिंतीवर केसांची एक शिडी असते. ती चढून बाहेर पडायचे तर आधी स्त्रीकेसराखालून आणि मग परागांना घासून जावे लागते. इथे घसरगुंडीही पोताची आणि शिडीही पोताचीच.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, ‘असेल तसे, पण आम्हाला त्याचे काय? आम्ही फूल पाहावे, डोक्यात माळावे, देवाला वाहावे. पेशींचा हिशेब शास्त्रज्ञांनी ठेवावा.’ या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक उंचवट्याला काही हेतू चिकटवायला निघालो तर तीही एक भाबडी भक्तीच होईल. पक्ष्यांसाठी फुलणाऱ्या कित्येक फुलांनी शंकू टाकून सपाट पेशी पत्करल्या आहेत आणि त्यांचे छान चालले आहे. तरीही मला वाटते, आपण फुलाकडे कसे पाहतो यावर आपण फुलाचे काय करतो हे अवलंबून असते.

आपण काय करतो ते पाहा. फूल म्हणजे चित्र, असे एकदा मनाने घेतले की चित्राची नक्कल पुरेशी वाटू लागते. सभागृहाच्या कमानीवर प्लॅस्टिकची ऑर्किड चालतात, कारण दहा फुटांवरून आणि फोटोत ती तशीच दिसतात. नर्सरीतल्या कुंडीतले फॅलेनॉप्सिस दोन-दोन महिने टवटवीत राहते. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंभाच्या टोकापासून ऑर्किडची रोपे वाढवण्याची वाट दाखवली, तेव्हापासून एका रोपाची हजारो होऊ लागली आणि श्रीमंतांची चैन मध्यमवर्गाच्या खिडकीत आली. हे चांगलेच झाले. पण त्या खिडकीतल्या फुलाकडे पाहताना एवढे तरी जाणवावे की, हा घाट बांधलेला आहे, पायऱ्या घडवलेल्या आहेत, आणि उतरणारा यात्रेकरू मात्र इथे कधीच येणार नाही.

अधिक गंभीर गोष्ट रानातली आहे. पावसाळी सहलीला गेलेली चांगल्या घरची माणसे झाडावरचे ऑर्किड मुळासकट सोडवून पिशवीत घालून आणतात. ‘किती सुंदर आहे, आमच्या गॅलरीत शोभेल!’ केरळातल्या अगस्त्यमलई डोंगरात दक्षिण भारतातले एकमेव स्लिपर ऑर्किड होते. संग्राहकांच्या हव्यासापायी रानातून ते जवळजवळ नाहीसे झाले. १९९० पासून स्लिपर ऑर्किडांच्या या सबंध प्रजातीतील रानातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्यांना संरक्षण दिले आहे. पण कायदा पिशवी तपासू शकतो, नजर तपासू शकत नाही. फूल हे पूर्ण झालेले चित्र आहे असे मानणारा माणूस ते उचलून आणण्यात काही चूक पाहत नाही. फूल हा अर्धाच करार आहे, दुसऱ्या अर्ध्यावर त्या रानातल्या कोणा माशीची सही आहे, आणि पाकळीचा पोत म्हणजे त्या माशीच्या पायाच्या मापाने घातलेली पायरी आहे, असे ज्याला उमगले त्याचा हात आपोआप थबकेल. गॅलरीत आपण फूल आणू शकतो. त्याचे नातेवाईक आणू शकत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या शाळांत फुलाची आकृती काढायला शिकवतात. निदल, दल, पुमंग, जायांग; बाणांनी नावे दिली की दहापैकी दहा गुण. या आकृतीत पाकळी म्हणजे पेन्सिलीची एक रेघ असते. रेघेला पोत नसतो. प्रत्येक वर्गात दहापट मोठे दाखवणारी चार भिंगे ठेवावीत. ती फार महाग नसतात आणि मोडली तर पुन्हा घेता येतात. दारातल्या जास्वंदीपासून सुरुवात करावी. पाकळी उन्हात तिरपी धरावी, वरची बाजू पाहावी, खालची पाहावी, डोळे मिटून बोट फिरवावे, पाण्याचा थेंब ठेवून तो पसरतो की गोळी होऊन बसतो ते पाहावे. गुलाबाच्या पाकळीवरचा थेंब पाकळी उलटी केली तरी चिकटून राहतो आणि कमळाच्या पानावरचा घरंगळून जातो. दोन्ही ठिकाणी उंचवटेच आहेत, पण घडण निराळी. मुलांना हे सांगू नये, त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

पुयान न्यायाधीश होते. ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन यांनी १९२७ साली गांधीलमाशी आणि ऑर्किड यांचा असाच कपटखेळ उघडकीला आणला, त्या शिक्षिका होत्या, गृहिणी होत्या. फुलाजवळ बसायला दोघांनाही कोणाची परवानगी लागली नाही, पदवी लागली नाही. लागली ती उसंत, आणि आपल्याला दिसते आहे त्याहून इथे काही अधिक आहे असा विश्वास.

घरोघरीची आजी देवाच्या परडीतले फूल हुंगू देत नाही. हुंगलेले फूल देवाला चालत नाही, असे ती म्हणते. या नियमामागे एक समज आहे : फुलावर पहिला हक्क आपला नाही. आजीने तो हक्क देवाला दिला. सूक्ष्मदर्शकाने त्यात एक दुरुस्ती सुचवली आहे, एवढेच. देवाच्याही आधी त्या पाकळीवर सहा पायांचे कोणीतरी उतरून गेलेले असते, आणि पाकळी मखमली आहे याची खरी पारख त्यालाच झालेली असते. आपण त्याच्या मागून आलेले रसिक. मागून आलेल्याने पाय जपून टाकावा, एवढी रीत पाळली तरी पुष्कळ झाले.